शुक्रवारच्या बसण्याचं बिल

सँडविचेस कापून होत आली होती, तेवढ्यात कॅरल किचनमध्ये आली.

"तुझ्या भाषेतली एक बाई बाहेर रडतेय. जरा येतेस?"

कॅरल आमच्या ऑफिसची सेक्रेटरी. ऑफिस म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारामधली वकिलांची संघटना. ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी तिथे कॉफी आणि मीटिंगचं जेवण बघत होते. कायद्यात काय बदल हवेत, वकिलांनी फी कशी घ्यावी, यावर तिथे कमिट्या बसत. वकिलाचं बिल पटलं नाही, तर कोर्टात न जाता तिथे तक्रार करता येई. त्याला आर्बिट्रेशन म्हणत. आपल्याकडे पंच बसतात, तसंच ते.

बाहेर शोभाताई होत्या. त्यांच्याच दुकानातून मी पोहे आणि तूरडाळ घ्यायची. नवरा गेल्यावर जागामालकाने त्यांना दुकान रिकामं करायला सांगितलं, कारण लीज, म्हणजे भाडेकरार, नवऱ्याच्या नावावर. मिस्टर नेल्सन नावाच्या वकिलाने भांडून तो शोभाताईंच्या नावावर करून दिला. मग त्याचं बिल आलं. ते भरायचं तर दुकानच विकावं लागणार होतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी इथे तक्रार केली होती, आणि आज पंचांसमोर सुनावणी होती.

"विकायचंच होतं तर वाचवलं कशाला गं?" शोभाताई म्हणाल्या.

बिलात जवळजवळ दर शुक्रवारी 'कॉन्फरन्स विथ क्लायंट', म्हणजे अशिलाशी चर्चा, असं लिहिलं होतं. कॅरलने समजावलं, की इथे बरेच वकील तासावर फी घेतात. क्लायंट समोर बसला की घड्याळ सुरू.

"ताई, दर शुक्रवारी काय काम होतं?"

"काम कसलं? चिवडा द्यायला जायचे. बसायचे जरा. फक्त काम असलं की जायचं, हे बरं दिसतं का?"

"मग आत हेच सांगा."

"त्याच्या तोंडावर? दुकान वाचवलं त्याने माझं. आणि तूही तोंड उघडू नकोस."

शोभाताईंचं इंग्रजी अडलं तर मदतीला म्हणून कॅरलने मलाही आत बसवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी किचनपुरतं, आणि चार माणसांत बोलायची सवय नाही. मी शोभाताईंच्या मागे खुर्ची सरकवली.

तीन पंच होते, आणि समोर मिस्टर नेल्सन. मुख्य पंच मिसेस वॉर्ड, वयाने मोठ्या, स्वतः वकील. त्यांनी विचारलं, "शुक्रवारी काय बोलणं व्हायचं?"

शोभाताई मान खाली घालून पर्स चाचपू लागल्या.

"बिलात काय चूक आहे असं तुम्हाला वाटतं?"

शोभाताईंनी नेल्सनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही इज व्हेरी गुड मॅन. बिल ओके."

मिसेस वॉर्डनी निकाल लिहायला पेन उचललं. मी पुढे वाकून मराठीत म्हटलं, "ताई, त्यांच्याविरुद्ध नका बोलू. शुक्रवारी तुम्ही काय करत होतात, तेवढंच सांगा."

"काय म्हणालीस?" मिसेस वॉर्डनी मला विचारलं. "इथे सगळ्यांना कळेल असं बोलायचं."

मला उभं राहावं लागलं. जमेल तसं इंग्रजीत तेच सांगितलं. मिसेस वॉर्डनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. तेवढंच सांगा."

मग शोभाताई बोलल्या. अडलं तिथे मराठीत, ते मी इंग्रजीत सांगत गेले. "त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे. तो कॉफी द्यायचा. लीजचं मध्येच विचारायचा, पण मी म्हणायचे ते तुम्ही बघताच आहात. एकदा यांची आठवण निघाली आणि मी रडले, तेव्हा त्याने फोनसुद्धा घेतला नाही."

नेल्सन लाल झाला. "मला वाटलं, या केसच्या काळजीने येतात. मॅडम, तुम्ही नुसत्या भेटायला येता, हे मला कधी सांगितलं नाहीत."

शोभाताई ताठ झाल्या. "आणि तुम्ही घड्याळ लावून बसलात, हे तुम्ही सांगितलंत?"

हे मी जसंच्या तसं सांगितलं. माझा आवाज जरा चढलाच. नेल्सनने बिल जवळ ओढून पुन्हा वाचलं. मग तो म्हणाला, "नाही. सांगायला हवं होतं."

पंचांच्या निकालात शुक्रवार बिलातून गेले. मात्र लीजचं बोलणं झालेला थोडा वेळ राहिला. जागामालकाशी झालेल्या भांडणाची फी पूर्ण राहिली, आणि ती रास्तच होती. शोभाताईंनी ती हप्त्याने दिली. दुकान राहिलं. फी कशी लावणार ते वकिलाने आधीच लिहून द्यावं, असा नियम करायची चर्चा तेव्हा कमिटीत चालूच होती. या प्रकरणाचा त्याला किती हातभार लागला, मला ठाऊक नाही. मी जेवण मांडून बाहेर यायचे.

पुढच्या आठवड्यात मी पोहे आणायला गेले, तर शोभाताई फोनवर होत्या. "मिस्टर नेल्सन, आय कम टुडे. नो केस. ओन्ली सिट."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पाचनंतर या म्हणाला. ऑफिस बंद झाल्यावर."

ज्याच्याशी ओळखही आहे आणि कामही, त्याच्याकडे आज कशाला आलो, ते बसायच्या आधी सांगावं. संकोच दोन मिनिटं होतो. बिल फार दिवस फेडावं लागतं.