आईच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड

गोंडपिपरीच्या स्टँडवर चंद्रपूरची बस लागली, तेव्हा आईने माझ्या पिशवीत लाखोळीची डाळ कोंबली आणि खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "एकटी राय, पन उपाशी नको राहू." रडली नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा मात्र त्याच्यावर डाफरली, "थांब ना भाऊ, पोरगी दूर चालली माही." बस निघालीच.

बंगळूरला येऊन आता बरीच वर्षं झाली. मी उपाशी राहत नाही. उलट कोणता खर्च कोणत्या कार्डाने करायचा याचं माझं शास्त्रच आहे. ऑनलाइन ऑर्डरला एक कार्ड, वीज-इंटरनेटच्या बिलाला दुसरं, किराणा-औषधाला तिसरं. प्रत्येकाचा कॅशबॅक वेगळा, अटी वेगळ्या. ऑफिसातले लोक मला विचारून कार्डं घेतात, आणि त्यांचं माझ्याशी बोलणं होतं तेही तेवढंच. कितीतरी रविवार असे जातात की तिन्ही कार्डं वापरून होतात आणि तोंडातून एक शब्द निघालेला नसतो. गावात मीठ आणायला गेलं तरी रस्त्यातल्या सगळ्या बायांना घरी काय रांधलं ते सांगितल्याशिवाय सुटका नसायची. तेव्हा जीव कंटाळायचा.

बाबा गेल्यावर आई तिथे एकटी, मी इथे. ये म्हटलं तर एकच उत्तर, "धानाले कोन पाहीन?" म्हणून किराण्याच्या कार्डावर तिच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढलं. दिवाळीत गेले तेव्हा चौकातल्या दुकानात नेऊन ते मशीनला टेकवायला शिकवलं. तिने खरेदी केली की बिल माझ्या नावावर आणि मेसेज माझ्या फोनवर. पहिला मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. इतका आनंद झाला की बाहेर येऊन लगेच फोन लावला. मग तशी सवयच पडली. मेसेज आला की फोन.

आई स्वतःहून फोन करत नाही. रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, बांधीत वाकलेल्या बाईला हाक मारू नये, तिची ओळ वाकडी जाते, असं तिचं पक्कं मत. माझी नोकरीही तिच्या लेखी रोवणीच.

पुढे मेसेज रोज यायला लागले, आणि रकमा अशा की हसू यावं. विचारलं तर कधी अंगाचा साबण, कधी बिस्किटपुडा, कधी नुसती माचिस. दुकानदारही कुरकुरतो म्हणे. या कार्डाला शंभराच्या खाली कॅशबॅक नाही, म्हणजे माझ्या शास्त्राच्या तोंडाला पानंच पुसलेली. एकदा वैतागून म्हणाले, "आई, महिन्याचं सामान एकदाच का नाही भरत?"

ती म्हणाली, "एकदाच भरलं त तू फोनबी एकदाच करशीन ना."

ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तुम्ही जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. घर म्हणजे आपल्या फोनची वाट बघणारं एक माणूस, एवढंच आता माझ्यापाशी उरलंय. आणि ते फार लांब आहे.

तेव्हापासून मेसेजची वाट न बघता रोज दुपारी मीच फोन करते. तरी आईची माचिस चालूच आहे. आता कशाला, म्हणून विचारलं तर म्हणते, "तू विसरली त मंग?"