बर्फावर फेकलेली कानटोपी

"पकाकडे काय पाहून राहिला बे? माणसं पाह, माणसं!" असं म्हणत तो माझी हनुवटी धरून मान वळवायचा. भर गर्दीत, शेजारच्या गोऱ्या आजीबाईंसमोर.

२००२ साली आईस हॉकी बघायला मला पहिल्यांदा त्यानेच नेलं. सांता क्लाराच्या ऑफिसात आमची क्युबिकल्स शेजारीशेजारी होती. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला बर्फावरच्या खेळाचं एवढं वेड का, हे विचारायची सोय नव्हती. पक म्हणजे रबराची काळी चकती. ती इतक्या वेगाने सुटते की नवख्याला दिसतच नाही. लोक ओरडले की मीही ओरडत होतो, एवढंच. "सगळे ज्याच्या मागे धावून राहिले, त्याच्याचजवळ आहे समज," असं त्याने सांगितलं आणि मला खेळ दिसायला लागला.

बाहेर कॅलिफोर्नियाची उबदार संध्याकाळ असली, तरी हा स्वेटर, मफलर आणि आईने विणलेली लाल कानटोपी अशा थाटात यायचा. मी नुसत्या शर्टावर गेलो होतो. थोड्या वेळाने माझे दात वाजायला लागले, तेव्हा त्याने मफलर दिला आणि वर भाषणही दिलं. खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही, शिट्टी झाली की मगच. खेळाडू एकमेकांना ठोसे लगावू लागले तर घाबरायचं नाही. "पंच सोडवतात. तू बर्फी खा." स्वेटरच्या आत लपवून आणलेली संत्रा बर्फी असायची.

एकाच खेळाडूने तीन गोल केले की प्रेक्षकांनी आपल्या टोप्या बर्फावर फेकायच्या, अशी तिथली रीत. एकदा तसा तिसरा गोल झाला. आमच्या माणसाचं भान हरपलं, त्याने कानटोपी भिरकावली आणि दुसऱ्याच क्षणी डोक्याला हात लावून मटकन खाली बसला. "यार, आईची होती!"

मॅच संपल्यावर तिथल्या एका बाईंनी गोळा केलेल्या टोप्यांचं भलंमोठं पिंप दाखवलं. हा कमरेपर्यंत त्यात वाकला. लाल टोपी घेऊन वर आला, तेव्हा बाई टाळ्या वाजवत होत्या. अशा माणसावर रागावता येतं का, तुम्हीच सांगा.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. अमेरिकेत राहायला अडचण नव्हती, पण एकदा बाहेर पडलं की भारतात नवीन व्हिसा घेतल्याशिवाय परत येता येत नव्हतं. त्या दिवसांत ती कामं महिनोन्‌महिने अडकत. वकील म्हणाला, थांबा. आम्ही मित्रही तेच म्हणालो. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "तुम्ही जा. इथलं मी बघते." तो गेला. आईने त्याला ओळखलं, हे त्याने फोनवर तीनतीनदा सांगितलं.

व्हिसा मात्र मिळेना. चौकशी केली की एकच उत्तर, तपासणी चालू आहे. कंपनीने काही महिने वाट पाहिली आणि त्याची जागा रद्द केली. मी मॅनेजरला भेटलो, वकिलाला फोन केले. कुणी वाईट वागलं नाही. सगळे मनापासून सॉरी म्हणाले. भांडायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं.

नोकरी गेली, तसा तिच्यावरच अवलंबून असलेला वहिनींचा आणि त्यांच्याबरोबर मुलीचा इथला मुक्कामही संपला. घर आवरलं, सोफा कुणाला तरी देऊन टाकला. विमानतळावर मीच सोडायला गेलो. पाच वर्षांची त्यांची लेक इथेच जन्मलेली. ट्रॉलीवर बसून ती खुशीत पाय हलवत होती.

"काका, वी विल ब्रिंग बाबा होम, राइट?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॉलीवरच्या बॅगा उगाचच नीट लावत राहिलो.