मिठाच्या पाण्यातला धान

धानोऱ्याकडच्या त्या बाईंबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या कामाबद्दल लोक भरभरून बोलले, तेव्हा त्या आठवल्या आणि मी नुसता खाली बघत राहिलो. बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली. आता पुढे ढकलण्याइतकं आयुष्य उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. एका छोट्या संस्थेत मी प्रशिक्षक होतो. रासायनिक खतांशिवाय शेती, शेणखताचे खड्डे, बांधबंदिस्ती, घरच्या बियाण्याची राखण, हे शिकवायचं. मी स्वतः कापसाच्या मुलखातला. धान पुस्तकात शिकलो आणि ज्यांच्या पिढ्या धानाच्या चिखलात गेल्या त्यांना शिकवत होतो. यात मला तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं.

बाई बौद्ध वस्तीतल्या. नवरा वारलेला, दोन मुली. तलावाच्या सांडव्याखाली त्यांची एकच बांधी होती, चहूबाजूंनी बांध घातलेलं खोलगट शेत. दिवाळीपर्यंत तिथे मांडीभर पाणी. दुसरा कुठलाही धान तिथे कुजायचा. सासूकडून आलेलं, उंच वाढणारं, उशिरा निसवणारं, म्हणजे लोंब्या धरणारं, एक बियाणं तेवढं टिकायचं. ते गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, कारण तसली बांधी दुसऱ्या कुणाची नव्हती.

मृगाच्या आधी मी गावातल्या आमच्या केंद्रावर बीजप्रक्रियेचं शिबिर ठेवलं. धान मिठाच्या पाण्यात टाकायचा, पोचट दाणे वर येतात, ते काढायचे. खालचा भरीव धान लगेच दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचा. काही मिनिटांचं काम. बाकीच्यांनी फडक्यात मूठभर धान बांधून आणला. बाईंनी अख्खं पोतं आणलं.

"काऊन वो बाई, ढोली खरवडून आनली का?" एकानं विचारलं. ढोली म्हणजे शेणामातीनं लिंपलेली धानाची बांबूची कणगी.

"तुयावानी मूठभर आनू का? सरनंच म्हनलं, सारं आना."

"मंग पोरीयलेही आनाचं होतं, त्याही धुऊन भेटल्या असत्या!"

सगळे हसले. बाईही हसल्या.

सगळं आणा, असं बाईंना मीच म्हणालो होतो. शहरातून पाहुणे येणार होते. मूठभर धानाचं प्रात्यक्षिक त्यांना पोरखेळ वाटलं असतं. मला भरलेला हौद दाखवायचा होता.

सकाळी धान हौदात ओतला. मीठ अंदाजानं टाकलं, जरा जास्तच, पोचट दाणे ठळक तरंगावेत म्हणून. दुपार झाली तरी जीप आली नाही. बाईंनी दोनदा विचारलं, "भाऊ, काढू का आता? मीठ हाय ना त्यात."

"थांबा, साहेब येऊन राह्यले," मी म्हणालो.

संध्याकाळी निरोप आला, वाटेत जीप बिघडली, पाहुणे उद्या येतील. मी बाईंना घरी पाठवलं आणि धान तसाच राहू दिला. धुऊन काढला असता तर पोचट दाणे निघून गेले असते, आणि पाहुण्यांना तरंगताना काही दिसलं नसतं. एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ते आले, फोटो काढले, गेले. मी धान एकदाच घाईनं धुतला आणि सिमेंटवर कडक उन्हात पसरला. एक दाणा दाताखाली धरला. खारट. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून चार दिवसांत उगवण तपासता येते, हे मीच शिकवायचो. मी ते केलं नाही. पोतं बाईंच्या हवाली केलं आणि म्हणालो, "आता बघा कसा उगवतो."

रोवणीसाठी टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उगवलेच नाहीत. वाफ्यात इथंतिथं चार पिवळी पाती. बाई केंद्रावर आल्या तेव्हा माझं उत्तर तयार होतं.

"बियाणं जुनं असंल, बाई. ढोलीत ओल लागली असंल."

त्या म्हणाल्या, "असंल. मागच्या साली कुडातून पानी आलतं. मायीच चूक झाली, भाऊ. तुमची मेहनत वाया गेली."

"असू द्या," मी म्हणालो. हे शब्द मी खरोखर उच्चारले.

अहवालात मी लिहिलं, स्थानिक बियाणे निकृष्ट, साठवण सदोष. पुढच्या बैठकीत ते गावासमोर वाचलं गेलं. बियाणं कसं राखावं हे विचारायला बाया ज्यांच्याकडे जायच्या, त्याच या बाई. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ढोलीत धान ठेवता का मासोळ्या?" या वेळी त्या हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मी कागद आवरत होतो.

मी त्यांना केंद्रातलं दुसरं बियाणं दिलं. ते पाण्यात कुजलं. गोंडपिपरीपर्यंतच्या बाजारांत तसा धान शोधला, कुठंच मिळाला नाही. पुढच्याही वर्षी पीक बुडालं. मग बाई मुलींना घेऊन तेंदूपत्त्याला आणि दुसऱ्यांच्या रोवणीला जाऊ लागल्या. बांधीत लव्हाळा माजला. मी बदली मागून घेतली.

निवृत्तीनंतर एकदा गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. बाईंना कमी दिसत होतं, पण आवाजावरून ओळखलं. नातीला म्हणाल्या, "हे सर होत. मीनं सासूचं बियानं सडवलं, तरी यायनं मले एक शब्द नाई बोलला." मला जेवायला बसवलं. भात दुकानातल्या तांदळाचा होता, त्याबद्दलही त्यांनीच ओशाळून माफी मागितली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नात समोर होती, तिनंही ऐकायला हवं होतं. मी घास गिळला आणि विचारलं, "परतीची बस किती वाजता आहे?"

दोन वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: बाई, तुमचं बियाणं चांगलं होतं, तुमची ढोली कोरडी होती, तो धान मी मारला आणि दोष तुमच्यावर टाकला, मला माफ करा.