खांद्यावरचं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं? कुणास ठाऊक.

दुपारी डोळा लागला की अजून धूर दिसतो. आवाज नसलेला, पांढरट. त्यात एक हात वर येतो, आणि मी जागी होते.

मी बेसा भागातल्या एका केंद्रात कर्णबधिर मुलींना खुणांच्या भाषेत कारखान्यातली कामं शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे व्हीआरचे हेडसेट आले — आम्ही त्यांना चष्मेच म्हणतो — आणि खोलीतच कारखाना उभा राहायला लागला. कूलरला वाळ्याचा ओला वास, आणि मुलींचे हात हवेत संथ फिरतायत, न दिसणारी यंत्रं चालवतायत. मी तासन् तास बघत बसायची.

पण चष्मा चढवला की मुलींना माझे हात दिसत नाहीत. म्हणजे माझं बोलणंच बंद. म्हणून ठरलं — खांद्यावर दोनदा थोपटलं की समजायचं, मॅडम इथेच आहेत. ह्या मुली माणसाला नावानं हाक मारत नाहीत, प्रत्येकाची एक खूण ठरवतात. पल्लवीनं माझी ठरवली — स्वतःच्या खांद्यावर दोनदा हात. आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा मला ते जास्त आवडायचं.

पल्लवी काटोलकडची. हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी नाही लागली, तर घरचे तिचं लग्न उरकून टाकणार होते. त्या कंपनीचे साहेब मुली निवडायला आले त्या दिवशी मी तिलाच उभं केलं. साहेबांना आगीचा धडा बघायचा होता. तो तिला शिकवलाच नव्हता — हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी धडा लावला.

ती चष्म्यातल्या धुरात थबकली. मग तिचा हात खांद्यावर गेला. दोनदा. पुन्हा दोनदा — जोरात. ती मला हाक मारत होती.

"काय करून राहिली ती?" साहेबांनी विचारलं.

"खांद्याचा पट्टा तपासून राहिली, सर."

साहेबांनी मान डोलावली. मी हातभर अंतरावर उभी होते — नुसता हात पुढे करायचा होता. का नाही केला? तिच्या नोकरीसाठी, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. मला शाबासकी हवी होती, आणि ती मिळत होती. पल्लवीनं चष्मा काढला तेव्हा आधी एवढंच बघितलं — मी किती जवळ उभी होते ते.

नोकरी लागली. ती आईला घेऊन पेढे द्यायला आली.

"तुमच्यानंच झालं बाई, पोरीले नोकरी लागली," आई म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून तिनं लेकीला खुणेनं विचारलं, ह्यांना तू काय म्हणतेस?

पल्लवीचा हात खांद्यापर्यंत आला. तिथे थांबला. खाली गेला. मग तिनं 'शिक्षिका' अशी खूण केली — कुठल्याही शिक्षिकेसाठी करतात, तीच.

आईनं डबा पुढे केला. मी पेढा घेतला, आणि खाल्ला.