ओठ विसरलीस

फोटो स्टुडिओत त्यांना सगळे मास्तर म्हणत. आयुष्यात त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण मागच्या खोलीत तीस वर्षं एकटं बसून काम करणाऱ्या माणसाला काहीतरी म्हणावं लागतं, आणि नावानं हाक मारण्याइतकी सलगी कुणाशीच नव्हती.

त्या खोलीला एक खिडकी होती. मास्तरांनीच ती काळा कागद लावून बंद केली होती. उन्हाचा रंग तासातासाला बदलतो, त्याच्या भरवशावर माणसाच्या कातडीचा रंग ठरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. भिंती करड्या, टेबल करडं, आणि कामाला आलेले फोटोतले चेहरे सोडले तर खोलीत रंगीत असं काहीच नाही. मास्तर धरून.

इतकी वर्षं त्यांनी लोकांना गोरं केलं. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर. दोन वर्षांपूर्वी मालकांनी नवी टूम काढली : व्हॅम्पायर लुक. रक्तावर जगणारा, उन्हाला भिणारा, मेलेला पण प्रकृतीनं उत्तम असा माणूस फोटोत दिसला पाहिजे. मालकांना वाटलं, म्हातारा कुरकुर करील. मास्तर म्हणाले, "गोरेपणाच्याच पुढचं स्टेशन आहे हे. लोक केव्हाचे त्याच गाडीत बसलेत."

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. कॉलेजची मुलं तर यायचीच, पण विमा कंपनीतला एक अधिकारीही बायकोसकट येऊन गेला. "भीती वाटली पाहिजे," तो म्हणाला, "पण ऑफिसात दाखवता आला पाहिजे." मास्तरांनी दोन्ही साधलं. आधी कातडीतला तांबूसपणा काढून घ्यायचा, मग पिवळेपणा. गालाच्या हाडाखाली सावली, डोळ्यांभोवती जांभळट काळं, कानशिलावर एखादी निळी शीर. डोळ्यांतला उजेडाचा ठिपका मात्र जपायचा. आणि शेवटी ओठ. ओठांबाबत मास्तर कडक होते. चेहरा कितीही पांढरा करा, ओठ लालभडक ठेवले की माणूस व्हॅम्पायर दिसतो. ओठांचाही रंग गेला की नुसता आजारी दिसतो. आणि आजारी दिसायला कुणी स्टुडिओत येत नाही, ते घरबसल्या जमतं.

संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात त्यांना ओळखीचे चेहरे भेटत. हनुवटीवरचा व्रण, एक पापणी किंचित खाली, नाकाचा डावीकडे झुकलेला शेंडा. हे सगळं त्यांनी तासन्‌तास पुसलेलं असे. ते ओळखीचं हसत. ती माणसं पर्स सावरत. मास्तरांनी हसणं सोडून दिलं. मग खोलीवर जायचं, एका माणसाचा स्वयंपाक करायचा आणि त्यातला अर्धा सकाळसाठी ठेवायचा.

जगात त्यांना 'अरे' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. ती बसनं सहा तासांवर लेकीकडे राहायची आणि दर रविवारी सकाळी फोन करायची.

"अरे, कधी येतोस?"

"बघतो ताई. काम फार आहे."

"चार वर्षं बघतोयस. भुतं करतोस ना तू? भुतांना कसली रे घाई? मेलीत ती, थांबतील."

"गिऱ्हाईक थांबत नाही ना."

"बरं बाबा. जेवलास का?"

तब्येतीचं विचारलं की ती म्हणायची, थोडा थकवा आहे, वयच झालं. मास्तर म्हणायचे, हं. फोन संपायचा. पुढचे सहा दिवस त्यांच्याशी कुणी कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, आणि तरी ताईकडे जायचं राहून जायचं. माणूस एकटा राहिला की त्याला रिकामा वेळ फार असतो, हा एक गैरसमज आहे. एकटेपणालाही रोजची कामं असतात.

भाचीला मात्र मामाच्या भुतांचं भारी कौतुक. स्वतःचे फोटो घरी बसून पांढरे करायची आणि तपासायला पाठवायची. मास्तर चुका काढायचे : मान विसरलीस, कान गुलाबी राहिले. ती हसण्याची चित्रं पाठवायची. त्यांच्या फोनवर येणारं दुसरं काही नसल्यानं ते लगेच उत्तर देत.

त्या मंगळवारी चौदा जणांच्या एका ग्रुपचं काम टेबलावर होतं. आठवा चेहरा चालू असताना फोन वाजला. भाचीचा फोटो. या खेपेला तिनं स्वतःचा सोडून आईचा घेतला होता. खाली एकच ओळ : 'आई म्हणाली, मामाला पाठव.' मास्तरांनी फोटो जवळ नेऊन पाहिला, मोठा करून पाहिला, आणि खूश झाले. पोरीचा हात बसला होता. त्यांनी लिहिलं :

'रंग झकास उतरवलास. कानसुद्धा विसरली नाहीस. डोळ्यांखालचं काळं जरा जास्त झालंय. आणि ओठ विसरलीस! ओठ लाल हवेत, नाहीतर माणूस आजारी वाटतो.'

अकरावा चेहरा होईपर्यंत उत्तर आलं नाही. मग आलं.

'मामा, मी नुसता फोटो काढलाय. त्याला काहीही केलेलं नाही.'

मास्तरांनी फोटो पुन्हा उघडला. मग भाचीला फोन लावला. तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पुढं जाऊन मालकांना "उद्या नाही" एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पहिली बस धरली. सहा तासांत त्यांनी त्या फोटोकडे किती वेळा पाहिलं हे शेजारच्या प्रवाशाला ठाऊक; त्यानं शेवटी विचारलंच, "कोण आहे?" मास्तर म्हणाले, "बहीण." तो म्हणाला, "छान आहे फोटो."

दार भाचीनं उघडलं. एरवी 'ये मामा' म्हणणारी पोर "या" म्हणाली आणि बाजूला झाली.

ताई खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसली होती. समोर शेजारीणबाई. ताईनं हात जोडले. "हे बघा, आले आमचे तज्ज्ञ! यांना फोटो पाठवला तर म्हणाले, झकास. बाकी कुणी इतकी दाद दिली नव्हती हो."

"ताई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते ऐकलं मी. तीनदा वाचून दाखवायला लावलं. ओठ रंगवून बसणार होते, आता तू धावत येणारच म्हणून, पण ही लिपस्टिक देईना."

"आई, पुरे आता," भाची म्हणाली.

"रक्त होत नाही म्हणे अंगात. आठ-आठ दिवसांनी दुसऱ्याचं लागतं. आता सांग, तुझी ती पावडर लावलेली पोरं खरी, की मी?"

शेजारीणबाईंना हसावं की नाही कळेना. "छे हो, परवापेक्षा किती तरतरी आलीय!" असं म्हणून त्या उठल्या. भाची त्यांना सोडायला गेली.

ताईचा आवाज खाली आला. "फोटो मुद्दाम पाठवायला लावला मी. इथं जो येतो तो म्हणतो, तरतरी आलीय. पोरगी म्हणते. डॉक्टर म्हणतो. चेहऱ्याचं तुला कळतं. नीट बघ आणि सांग."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. खिडकीतून दुपारचं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. इतक्या वर्षांत ते पडद्यावरच चेहरे बघत आले होते, आणि त्यातला एकही उलटून बघत नव्हता. हा बघत होता.

"महिन्यापूर्वी असा रंग नसणार," ते म्हणाले.

"नव्हता."

"भरभर उतरतोय."

"सगळे म्हणतात चढतोय."

"सगळ्यांना रंगातलं कळत नाही, ताई."

ताईनं डोळे मिटले. तसंच चाचपडत तिनं त्यांचा हात धरला. तिची बोटं गार होती. "चला," ती म्हणाली, "एकजण तरी खरं बोलला. एकटीलाच ठाऊक असलं की फार जड होतं रे."

भाची दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिनं मामाची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

थोड्या वेळानं मालकांचा फोन आला. मास्तर बाहेरच्या पायरीवर गेले.

"मास्तर, ग्रुपवाले आलेत. तीन जण अजून गुलाबीच आहेत. किती दिवस लागतील तुम्हाला?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे तरी?"

अंदाज होता. आत्ताच त्यांनी तो भर उन्हात ताईच्या चेहऱ्यावरून आपल्या डोळ्यांनी घेतला होता, आणि या बाबतीत त्यांची नजर सहसा चुकत नसे. म्हणजे आता तो आकडा तोंडानं उच्चारायचा, मालकांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवायचा, आणि त्यानंतरच्या सोमवारी मास्तर कामावर हजर.

"अंदाज नाही," ते म्हणाले.

"मग दुसरा माणूस बघावा लागेल हो मला."

"बघा," मास्तर म्हणाले, आणि फोन बंद करून आत गेले.