मॅडमची पद्धत

हे मी घरात कधी बोललेले नाही, कॉलेजात तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट माहीत नाही.

आधी माझी फुशारकी ऐकून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चंद्रपुरात डी. फार्मच्या पोरांना शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. भद्रावतीपासून सिरोंच्यापर्यंत कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत डोकावा, माझा एखादा विद्यार्थी सापडेलच. तो ओळखायचा कसा? तो औषध दाखवतो, समजावतो आणि मग म्हणतो — आता तुम्ही सांगा, कसं घ्याल? पेशंट स्वतःच्या तोंडाने बरोबर सांगेपर्यंत औषध हातात देत नाही. रांग कुरकुरते, तरी नाही. याला सगळे ‘मॅडमची पद्धत’ म्हणतात. तिच्यासाठी माझा सत्कार झालाय, शाल-श्रीफळ घेतलंय, भाषणही ठोकलंय. आणि खरं सांगू? ती पोरं खिडकीत उभी दिसली की माझी छाती अजूनही फुगते.

पण ती पद्धत — थांबा, क्रमाने सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला वर्गात प्रतिमा नावाची मुलगी होती. अहेरीकडच्या खेड्यातली, धानाची शेती करणाऱ्या घरातली. बोलायची कमी, पण घाबरायची नाही. तोंडी परीक्षेत एक प्रसंग असे. आमचे लॅबचे अटेंडंट देवाजीभाऊ, बल्लारपूरहून रोज गाडीने येणारे, आजारी बाळाचे वडील व्हायचे, आणि प्रत्येकाने त्यांना बाटलीतल्या पावडरचं औषध समजावून द्यायचं. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, बाटली हलवायची, मग ठरलेलं माप दिवसातून दोनदा. हे वाक्य मीच लिहून दिलं होतं, चांगलं पुस्तकी मराठीत. पोरं ते घडाघडा म्हणत होती. देवाजीभाऊ माना डोलवत होते. मी खूश.

अठरा जण झाले. मग प्रतिमा आली. तिने सगळं सांगितलं आणि जागची हललीच नाही. म्हणाली, “भाऊ, आता तुमी मले सांगा, लेकराले कसं पाजाल?”

देवाजीभाऊ गडबडले. “चमच्यात पावडर घ्यायची, वरून पानी टाकायचं न् पाजायचं. अजून काय?”

वर्ग खो-खो हसला. सकाळपासून अठरा वेळा ऐकलेलं त्या माणसाला काडीचं समजलं नव्हतं. म्हणजे नापास कोण? ती अठरा पोरं? नाही हो — मी. आणि हे एका पोरीने सगळ्यांदेखत उघडं पाडलं होतं.

हे कुठून आणलंस, मी विचारलं.

“आमच्या गावात निरोप धाडला का नेनाऱ्याकडून तो परत म्हनवून घेतेत, मॅडम. नाई तं वाटेत बदलते.”

इतकं साधं उत्तर. मी काय केलं? पेशंटची परीक्षा घ्यायला आलीस का, म्हटलं. बोलणं गावंढळ, शिस्त नाही — तोंडाला येईल ते बोलले. आणि तिला नापास केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ती बरोबर आहे हे मला तेव्हा, त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच नापास केलं.

ती सहा महिने मागे राहिली. नेमकी तेव्हाच तिच्याकडच्या दवाखान्यात जागा निघाली, आणि हिच्या हातात प्रमाणपत्र नाही. जागा दुसऱ्याला गेली. पुढची निघेपर्यंत ती लोकांच्या शेतात मजुरीने धानाच्या रोवणीला जात होती, असं कुणीतरी सांगितलं. मी ऐकून घेतलं. ती कॉलेजातून गेल्यावर पुढच्या बॅचला तिचंच वाक्य शिकवायला लागले. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, मॅडम, हे भारी आहे. तेव्हा तिचं नाव सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी नुसती हसले. पद्धत माझी नाही, प्रतिमाची आहे.

मागच्या हिवाळ्यात, प्रशिक्षणाला गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना बघायला अहेरीकडे गेले. खिडकीत प्रतिमा. केस पिकलेले, चष्मा लागलेला, आवाजात जरब. एका म्हातारीकडून ती गोंडीत गोळ्यांची वेळ वदवून घेत होती. दोनदा चुकली म्हातारी, तिसऱ्यांदा बरोबर बोलली, मग गोळ्या मिळाल्या. किती सुंदर काम करते ही! मला भरून आलं. तेवढ्यात प्रतिमाचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती दवाखान्यातल्या नव्या पोरांना म्हणाली, “पाहा रे, ह्याच त्या मॅडम. हे सारं यायनंच शिकवलं.”

विसरली होती का ती? की सगळं आठवत होतं आणि तरी म्हणाली? मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, काही सापडलं नाही.

“बरोबर करून राह्यलो नं आमी, मॅडम?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. तिला हा शब्द द्यायला मला इतकी वर्षं लागली, आणि दिला तोही शाबासकी म्हणून, वरच्या पायरीवरून. पुढे एका मुलीला, पेशंटकडे बघून बोलत जा, असंही सुनावलं. मग फोटो निघाला. मी मधोमध, प्रतिमा कडेला.

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मला लाज वाटली असेल. नाही. अभिमान वाटला, तिचा आणि स्वतःचाही. त्या फोटोत मी अगदी मनापासून हसते आहे.