उतईतली अमेरिका

दुर्गजवळच्या आमच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत रिझर्वेशन झालं की माणूस गेल्यातच जमा. तिकीट कन्फर्म झालं की डबा भरायला घ्यायचा आणि शेजारणीला तुळशीला पाणी घालायला सांगायचं. माझे बाबा मालगाडीवर गार्ड. व्हिसा नावाची गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरलीच नाही. "कॉलेजनं निवडलं न तुले? मंग आता कोण अडवते?" असं म्हणत त्यांनी व्हिसाच्या मुलाखतीच्या आधीच माझ्या निरोपाचा कार्यक्रम उरकून टाकला. कारण काय, तर त्या आठवड्यात त्यांना सुट्टी होती आणि गोंदियाचे पाहुणे आयतेच आलेले होते. आजही आठवलं की डोकं फिरतं.

मी शिकत होते ती युनिव्हर्सिटी ख्रिस्ती संस्थेची. दरवर्षी तिथल्या काही मुलांना एका सेमेस्टरसाठी अमेरिकेतल्या कॉलेजात पाठवायचे. ज्यांचं जमत नसे, त्यांच्यासाठी ऑफ कॅम्पस सेमेस्टर असे. म्हणजे जवळच्याच एखाद्या बस्तीतल्या शाळेत किंवा दवाखान्यात जाऊन काम करायचं. मार्क दोन्हीकडे सारखेच. मी तिथं ॲडमिशन घेतली तेव्हा उतई गावच्या आत्यानं आमच्या घरी येऊन डोळ्यांना पदर लावला होता. "किरिस्तान करून टाकतीन पोट्टीले," म्हणाली होती. अमेरिकेसाठी निवड झाली तशी हीच आत्या सगळ्यांच्या आधी पेढे घेऊन हजर! औक्षण तिनंच केलं, हातावर दही तिनंच ठेवलं. गणेश मंडळाच्या काकांनी कॉलनीच्या गेटवर माझा फोटो छापलेला फ्लेक्स लावला. मी नको नको म्हणत होते. माझं ऐकतो कोण?

मग बाबांसोबत मुंबईला मुलाखतीला गेले. खिडकीच्या पलीकडच्या माणसानं दोन-तीन प्रश्न विचारले, मान वर न करता व्हिसा नाकारून पासपोर्ट परत सरकवला, संपलं. मी रडत बाहेर आले. रस्त्याच्या कडेला बाबा उभे होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असणारच. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "आता कॉलनीत काय सांगाचं?"

परतीच्या गाडीत नागपूर गेलं तसे म्हणाले, "स्कार्फ बांधून घे तोंडाले." आमच्याकडे उन्हामुळे सगळ्याच पोरी डोळे सोडून बाकी तोंड बांधतात, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटत नाही. चरोद्याला जायचंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दुर्गला उतरवलं आणि ऑटोत घालून थेट उतईला, आत्याच्या घरी. "चार महिन्याची तं गोष्ट हाय. तुले कायचा त्रास? खा, पी, झोप. चार महिन्यानं अमेरिकेतून आली म्हणून घरी ये." कॉलेजला त्यांनीच फोन केला, पोरीची तब्येत बिघडली म्हणून. माझ्या देखत! आणि मी, कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळवणारी बया, थिजल्यासारखी ऐकत राहिले.

तर अशी माझी अमेरिका उतईत सुरू झाली. दारात कोणी आलं की आत्या डोळ्यांनीच खुणवायची, आत जा. मी आतल्या खोलीत धानाच्या पोत्यांशेजारी बसून राहायची. आईचा रोज सकाळी फोन. "काय वं, आज काय सांगू? समोरची रोज इचारते, तिकडं थंडी हाय का." मग मी मोबाइलवर तिकडच्या शहराचं हवामान बघायची आणि आईला सांगायची, बर्फ पडतोय सांग. संध्याकाळी आईचा परत फोन, खुशीत. "सांगितलं! गुडघ्याएवढा बर्फ पडून राहिला म्हणून सांगितलं. ती आ करून पायतच राहिली." माझ्या आईनं जन्मात नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. पण बर्फ असा रंगवायची की मलाच हुडहुडी भरावी. हसू यायचं आणि फोन ठेवला की चीड यायची, आईची नाही, या सगळ्या तमाशाची.

एके दिवशी कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. अमेरिकेचा आणि बस्तीतल्या कामाचा, दोन्ही कार्यक्रम त्याच बघायच्या. केरळच्या, शिस्तीच्या, पण जीव लावणाऱ्या. तब्येत कशी आहे विचारलं तसा माझा बांध फुटला आणि मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हिसा नहीं मिला तो कौन-सा पाप किया तुमने? पावर हाउस की बस्ती वाले स्कूल में जगह है. सोमवार को आ जाओ. नहीं आई तो सेमेस्टर गया."

पावर हाउस म्हणजे चरोद्याच्या जवळचंच स्टेशन, बाहेर मोठा बाजार. बाबांना कळवलं. ते ड्यूटी संपवून तसेच उतईला आले.

"पावर हाउसले? बह्याड झाली काय? अख्खी कॉलनी भाजीले तिथंच येते!"

"बाबा, माझं वर्ष जाईल."

"गेलं तं जाऊ दे. वर्ष परत येते, इज्जत येत नाई."

आत्यानं लगेच तोंड घातलं. "शिकून शिकून किती शिकशील वं? पोरगा पाहून लगन करून टाकू."

म्हणजे हे इथवर आलं होतं. मी काही चोरी केली नव्हती, नापास झाले नव्हते, कोणाचा हात धरून पळाले नव्हते. तरी शिक्षेला मीच. सोमवारी सकाळी मी चपला घातल्या. आत्या दारात आडवी. "बापाचं नाक कापशील!" मी म्हटलं, "नाक त्यायचं हाय, त्यायनं सांभाळावं. माझं वर्ष मी सांभाळते." तिला बाजूला सारून रस्त्यावर आले आणि पहिल्या ऑटोत बसले. स्कार्फ बांधला नाही.

बस्तीतल्या शाळेत मला दुसरीचा वर्ग मिळाला. पोरं छत्तीसगढीत कलकलाट करायची, मी हिंदीत ओरडायची, आणि दुपारपर्यंत आमचं बरं जमायचं. रात्री मुक्काम उतईलाच, आत्याची बोलणी खात. आठवडाही झाला नसेल, शाळेतून निघून बाजारातून स्टेशनकडे जात होते, तर समोरच्या क्वार्टरमधल्या काकू. आईला रोज थंडी विचारणाऱ्या, त्याच. हातात वांगी.

"आली काय वं अमेरिकेतून?" ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"उतईहून आली," मी म्हटलं.

"मालूम हाय न बाप्पा! तुमी दुर्गले उतरले त्याच दिवशी यार्डात खबर आली. रेल्वेत काय लपून राह्यते काय?"

"मंग माझ्या आईले रोज बर्फाचं कावून इचारता?"

"अवं, टाइमपास होते. तुयी आई सांगते बी किती मस्त! आमी साऱ्या बाया ऐकाले बसतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. भर बाजारात मी तोंड सोडलं. "लाज वाटत नाही? तिच्याच घरचा चहा पिऊन तिचीच टिंगल करता? थू तुमच्या शेजारावर!" भाजीवाली तागडी हातात धरून बघत राहिली. काकू "काय पोट्टी हाय, मोठ्यायले बोलते" करत सटकल्या. मी तशीच लोकल पकडून चरोद्याला, आमच्या घरी गेले.

बाबा जेवत होते, आई गॅसपाशी. मी उभ्याउभ्याच सगळं ओकले. कॉलनीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाया आईकडे मजा घ्यायला येतात, ज्यांच्यासाठी मला पोत्यांत लपवलं तेच हसताहेत.

बाबांनी घास खाली ठेवला. "मले मालूम हाय," म्हणाले. "गार्ड रूममध्ये बी हसतात. पण तोंडावर कोणी बोललं नव्हतं. तू बाजारात बोलून आली. आता झाली न पंचाईत!"

म्हणजे यांना माहीत होतं. सगळं उघडं पडलंय हे माहीत असून हे माझं वर्ष घालवायला निघाले होते. मी बोलायला तोंड उघडलं होतं.

पण बोलली ती आई. गॅस बंद करून ती बाबांच्या ताटासमोर येऊन उभी राहिली.

"तुमाले मालूम होतं? आन् तुमी मले रोज बर्फ सांगू देल्ला?"